नळ रात्रभर टपटपत ठेवा!

नाशिकच्या कुठल्याही घरात रात्री नळ टपटपत राहिला, की आतल्या खोलीतून हाक येतेच, “अरे, तो नळ नीट बंद कर!” गंगापूर धरणातून आलेलं, पंपाने गच्चीवर चढवलेलं पाणी मोरीत वाहून जाताना आपल्याला बघवत नाही. बघवू नयेच. पण कॅनडात विनिपेगला किंवा अमेरिकेत शिकागोला तुमची एखादी मामेबहीण राहत असेल, तर तिला विचारून बघा. कडाक्याच्या थंडीत तिची आई, म्हणजे तुमची मामी, बरोबर उलटं सांगत असेल: “झोपण्याआधी स्वयंपाकघरातला नळ जरासा सोडून ठेव गं. टपटपू दे रात्रभर.”

मामीला पाण्याची किंमत कळत नाही, असं समजू नका. तिचा नळ टपटपला नाही, तर सकाळी भिंतीतला पाइप फुटलेला असू शकतो. आणि फोडणारा कोण? कुणी चोर नाही, उंदीर नाही. आतलं साधं, प्यायचं पाणीच!

हे कसं होतं ते बघायला विनिपेगला जायची गरज नाही. फ्रीजमधला बर्फाचा ट्रे बाहेर काढा. पाणी भरताना तुम्ही ते सपाट, काठाला काठ लावून भरलेलं असतं. बर्फ झाल्यावर मात्र प्रत्येक खड्याच्या मध्यावर छोटंसं टेंगूळ दिसतं. हे टेंगूळ आलं कुठून? वरून कुणी पाणी घातलेलं नाही. तेच पाणी आता जास्त जागा मागतंय.

थंडीत वस्तू आकसतात, असं शाळेत शिकवतात. रेल्वेचे रूळ आकसतात, विजेच्या तारा आकसतात. पाणीही आधी शहाण्यासारखं आकसतं, पण फक्त ४ अंश सेल्सिअसपर्यंत. त्याच्या खाली गेलं, की ते उलट फुगायला लागतं. आणि शून्याला गोठताना तर एकदम सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं. एक लीटर पाण्याचा बर्फ केला, तर तो जवळपास १,०९० मिलिलीटर जागा घेतो. म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो. श्रीनगरचं दल सरोवर वरून गोठतं तेव्हाही तळाशी चार अंशांच्या आसपासचं, सगळ्यांत जड पाणी तसंच राहतं आणि मासे त्यात मजेत जगतात.

पाण्याच्या अंगात हा वेडेपणा आला कुठून? त्याचे रेणू डोळ्यांना दिसत नाहीत, तेव्हा शाळेचं मैदान डोळ्यांपुढे आणा. मधली सुट्टी झाली की सगळी मुलं एका कोपऱ्यात खेटून, ढकलाढकली करत उभी असतात. कवायतीचे सर आले आणि म्हणाले, “हात बाजूला पसरा, एक हात अंतर!” की तीच मुलं, तेवढीच मुलं, केवढी तरी जास्त जागा व्यापतात. द्रव पाण्यातले रेणू मधल्या सुट्टीत असतात. बर्फ होताना प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना ठरावीक कोनात धरून उभा राहतो आणि मध्ये पोकळ्या पडतात. हिमकणाला सहा पाकळ्या असतात ना, त्या याच शिस्तीमुळे.

आता खरी गंमत. मैदान मोठं असेल तर पसरायला काही हरकत नाही. पण हे सगळं बंद पाइपात झालं तर?

कॅनडातच क्वेबेक नावाचं शहर आहे. तिथे १७८४-८५ च्या हिवाळ्यात मेजर एडवर्ड विल्यम्स नावाच्या तोफखान्यातल्या एका अधिकाऱ्याला हाच प्रश्न पडला. त्याच्याकडे तोफांचे पोकळ, जाड लोखंडी गोळे होते. त्याने त्यात दारूऐवजी पाणी भरलं, भोकात लोखंडी बूच हातोड्याने ठोकून बसवलं आणि गोळे बर्फाळ हवेत ठेवून दिले. पाणी गोठायला लागलं आणि एका गोळ्याचं बूच सुटून चारशे फुटांपेक्षा लांब जाऊन पडलं! ना वात, ना जाळ. जिथे बूच घट्ट राहिलं तिथे गोळाच चिरला आणि चिरेतून बर्फाचा पातळ पडदा बाहेर आला. मला हा माणूस फार आवडतो. सैन्यातला फावला वेळ त्याने इतका छान वापरला.

जाड लोखंडाची ही गत, तर आपल्या पाइपाचं काय? नाशिकमध्ये पाइपाच्या दुकानात गेलात तर लोक “सहा किलोचा द्या”, “दहा किलोचा द्या” असं म्हणताना ऐकू येतील. हे पाइपाचं वजन नाही. एका चौरस सेंटिमीटरवर किती किलोचा दाब तो सोसेल, ते यातून कळतं. गच्चीवरची टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल, तर नळापाशी पाण्याचा दाब होतो साधारण एक किलो. म्हणजे घरात दहा किलोचा पाइप अगदी निवांत असतो. आता बर्फाचा हिशेब बघा. पाणी उणे एक अंशाला असेल आणि त्याला फुगू न देता कोंडून ठेवायचं असेल, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळपास १३० किलोंचा जोर लावावा लागतो. आणि उणे २२ अंशांना? दोन हजार किलोंहून जास्त! दहा किलोवाला बिचारा कुठे पुरणार?

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, कळलं सगळं. बर्फ पाइपाच्या भिंतीला आतून ढकलतो आणि भिंत फाटते. मलाही हे उत्तर सरळ वाटलं असतं. पण १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी घरात असतात तसे पाइप मुद्दाम गोठवून बघितले, तेव्हा वेगळीच गोष्ट पुढे आली. पाइप बहुतेक वेळा जिथे बर्फ असतो तिथे फुटत नाही. जिथे अजून पाणीच आहे, अशा भलत्याच जागी फुटतो!

पाइपाचा एखादा तुकडा थंड भिंतीतून जातो. तिथे बर्फाचं बूच तयार होतं. बूच वाढत जातं आणि पाइपाच्या लांबीच्या दिशेने पुढचं-मागचं पाणी रेटतं. मागच्या बाजूला, रस्त्यावरच्या मोठ्या जलवाहिनीकडे, पाणी खुशाल परत सरकू शकतं. पुढच्या बाजूला मात्र नळ असतो आणि मामीने तो घट्ट बंद केलेला असतो. बूच आणि नळ यांच्यामध्ये पाणी कोंडलं. पाणी काही स्पंजासारखं दबत नाही. बर्फ जरासा वाढला तरी तिथला दाब भराभर चढतो आणि जो सांधा कच्चा असेल तो जातो. तांब्याचा पाइप असेल तर आधी एका जागी फुगतो, मग उभा चिरतो.

आता मामीचा टपटपणारा नळ आठवा. वाट उघडी आहे, दाब चढायला जागाच नाही. बर्फाचं बूच झालं तरी पलीकडचं पाणी थेंबाथेंबाने निघून जातं आणि पाइप वाचतो. शिवाय नळ चालू असल्यामुळे जमिनीखालून थोडं कमी गार पाणी सारखं पाइपात येत राहतं, त्याने गोठणंही लांबतं. पण मुख्य काम आहे ते वाट मोकळी ठेवण्याचं.

याच प्रयोगांतून आणखी एक कळलं. बाहेर शून्य अंश झालं, की लगेच पाइप फुटत नाहीत. भिंतीची थोडीफार ऊब असते. शिवाय शांत उभं असलेलं पाणी शून्याच्या चार-पाच अंश खाली जाऊनही बराच वेळ पाणीच राहू शकतं आणि मग एकाएकी त्यात बर्फाच्या सुया पसरतात. बाहेरचं तापमान उणे सहा-सातच्या खाली उतरलं की सावध व्हा, असं त्या संशोधकांनी सुचवलं. अर्थात पाइपापाशी भिंतीला भोक असेल आणि गार वारा आत घुसत असेल, तर त्याच्या आधीही घात होतो.

आणि फुटल्याचं कळतं कधी? बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी, ऊन आल्यावर! तोपर्यंत बर्फाचं बूचच पाणी अडवून बसलेलं असतं. बूच वितळलं, की छतातून धो धो.

आता आपल्या घराकडे बघा. काळी टाकी गच्चीवर, उघड्या आभाळाखाली. तिच्यातून उतरणारा पाइप बाहेरच्या भिंतीवरून, क्लॅम्प मारून, उघडाबोडका. गच्चीवर सोलर, त्याचेही पाइप उघडे. विनिपेगच्या प्लंबरला हा फोटो दाखवलात, तर तो डोक्याला हात लावेल. हे घर तिथे एक रात्रही टिकणार नाही! पण आपल्याला अडचण उन्हाची. मे महिन्यात दुपारी नळातून जवळजवळ चहाचं पाणी येतं, डिसेंबरात फार तर बोटं बधिर होतात. जिथलं हवामान तसं घर.

मग उन्हाळी मुलखावर एखादी भलतीच थंडी कोसळली तर? असं खरोखर घडलं. अमेरिकेतलं टेक्सास राज्य उन्हासाठी प्रसिद्ध. तिथेही बऱ्याच घरांचे पाइप छतावरच्या माळ्यातून किंवा बाहेरच्या भिंतींतून नेलेले असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे हिमवादळ आलं. डॅलसच्या विमानतळावर पारा उणे १९ अंश सेल्सिअसला गेला. लाखो घरांची वीज गेली, हीटर बंद पडले, घरं आतून गार झाली आणि घरोघर पाइप फुटले. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांत पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. ओळखीत कुणी तिथे असेल तर त्या आठवड्याबद्दल विचारा, नवरात्रातल्या गप्पांना पुरेल एवढं सांगतील. कित्येकांनी संडासात टाकायला बाहेरचा बर्फ बादलीत भरून आणला होता.

ज्यांच्याकडे ही थंडी दरवर्षीचीच आहे, त्यांची तयारी वेगळी. विनिपेगमध्ये रस्त्याखालची जलवाहिनी दोन मीटरहून खोल पुरतात, कारण वरची जमीनसुद्धा गोठते. घराचे पाइप बाहेरच्या भिंतीऐवजी आतल्या भिंतींतून नेतात. जे थंड जागेतून जातात त्यांना फोमच्या नळ्या गुंडाळतात. अंगणातल्या नळाला घराच्या आत वेगळा कॉक असतो. हिवाळ्याआधी तो बंद करून बाहेरचा तुकडा रिकामा करतात. पाणीच नाही तर फुगणार काय? फार थंडी असेल त्या रात्री सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी टाकतात, म्हणजे खोलीतली ऊब पाइपापर्यंत पोचते. लेहमध्ये तर कित्येक घरं आणि हॉटेलं हिवाळ्यात पाइप सरळ रिकामेच करून टाकतात आणि बादलीने कामं चालवतात. मला हा उपाय सगळ्यांत अक्कलहुशारीचा वाटतो, गैरसोयीचा असला तरी.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्ला-ए-कलान’ म्हणजे मोठ्या थंडीचा काळ. त्या दिवसांत श्रीनगरमध्ये नळाखाली कागद-काटक्या पेटवून बसलेली माणसं वर्तमानपत्रांतल्या फोटोंत दिसतात. तुम्ही कधी अशा ठिकाणी गेलात तर हे करू नका. आगही लागते, आणि पाइपात मध्येच पाण्याची वाफ कोंडली तर पाइप उडतो. आधी नळ उघडायचा, मग नळाच्या बाजूने मागे मागे जात, केस वाळवायच्या ड्रायरने किंवा गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने पाइप शेकायचा. हे कामही मोठ्या माणसाचंच.

एवढं सगळं नाशिकच्या मुलांनी का वाचायचं? कारण नाशिक जिल्ह्यात पाणी गोठतं! निफाड तालुक्यात कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. हिवाळ्यात तिथला पारा किती उतरला, ही बातमी जिल्हाभर चवीने वाचतात. डिसेंबर २०१८ मध्ये तिथे १.८ अंशांची नोंद झाली. खुद्द नाशिक शहरात ९ फेब्रुवारी २०१२ ला २.७ अंश होते. आणि शहराचा जुना विक्रम आहे ७ जानेवारी १९४५ चा: ०.६ अंश. तुमच्या पणजोबांनी त्या सकाळी गोदावरीत अंघोळ केली असेल, तर त्यांना लांबूनच नमस्कार.

तुम्ही म्हणाल, थांबा, १.८ म्हणजे शून्याच्या वर! मग दवबिंदू गोठले, वेलींवर बर्फाचा पापुद्रा आला, अशा बातम्या येतात कशा? महाबळेश्वरलाही वेण्णा तलावाच्या काठी गाड्यांच्या टपांवर हिमकण दिसतात, तेव्हा गावातला तापमापक शून्याच्या बराच वर असतो. बातमी खोटी, की तापमापक?

दोन्ही खरे. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, साधारण तिसरी-चौथीतल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीला असतो. तो हवेचं तापमान सांगतो. गवताचं, गाडीच्या टपाचं किंवा वेलीच्या पानाचं नाही. आणि रात्री या वस्तू हवेपेक्षाही गार होऊ शकतात.

ऐकायला विचित्र वाटतं, पण याचा पुरावा तुम्ही रोज बघता. हिवाळ्यात सकाळी उघड्यावर उभ्या केलेल्या स्कूटरची सीट दवाने ओली असते आणि तिथेच, दोन पावलांवर, झाडाखाली लावलेली स्कूटर कोरडी. हवा दोघींना एकच होती. फरक पडला तो वरच्या छपराचा. प्रत्येक वस्तू सतत उष्णता बाहेर टाकत असते, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने. तुम्ही, मी, हे मासिकसुद्धा. डोक्यावर झाड, छप्पर किंवा ढग असेल तर तेही उलट किरण खाली पाठवतात आणि हिशेब जवळपास चुकता होतो. पण हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असेल, तर वरून फारच थोडं परत येतं. वस्तू देत राहते, मिळत काही नाही आणि ती हवेपेक्षा तीन-चार अंश गार पडते. नाशिकचा हिवाळा अगदी असाच: उत्तरेकडून आलेली कोरडी हवा, चांदण्यांनी भरलेलं आभाळ, वारा पडलेला. शिवाय गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून सखल भागात जाऊन साठते. निफाड गोदावरीच्या खोऱ्यात सखल भागात आहे.

फ्रीज यायच्या कितीतरी आधी आपल्या देशात या युक्तीने बर्फ बनवायचे! १७७५ मध्ये सर रॉबर्ट बार्कर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत अलाहाबादची ही पद्धत लिहून ठेवली. मोकळ्या मैदानात दोन फूट खोल, मोठाले चौकोनी खड्डे खणायचे. तळाशी उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटं पसरायची, म्हणजे जमिनीची ऊब वर येणार नाही. त्यांवर मातीच्या पातळ, उथळ थाळ्या शेजारी शेजारी मांडायच्या. संध्याकाळी त्यांत उकळून गार केलेलं पाणी ओतायचं आणि सूर्य उगवायच्या आत बर्फ गोळा करायचा. हवा शून्याच्या वर असली तरी थाळीत बर्फ! थोडी उष्णता आभाळाकडे गेली, थोडी मातीच्या थाळीतून पाझरून उडणाऱ्या पाण्याने नेली. कारागिरांना अवरक्त किरण माहीत नव्हते. ढगाळ रात्री काम होत नाही, हे मात्र पक्कं माहीत होतं.

आता परत गच्चीवर या आणि सोलरकडे बघा. काही सोलरमध्ये काळ्या पत्र्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्या असतात, वर एकच काच. दिवसा आभाळाकडून उष्णता घ्यायला बनवलेली ही वस्तू रात्री आभाळाला उष्णता देण्यातही तरबेज. म्हणून जिथे खूप थंडी पडते तिथे हवा शून्याच्या दोन-चार अंश वर असतानाही अशा नळ्या गोठून फुटू शकतात. तिथे नळ्यांत न गोठणारा द्रव भरतात किंवा त्या रात्री रिकाम्या ठेवतात. काचेच्या लांब दुहेरी नळ्यांचा सोलर असेल तर तो बराच सुरक्षित, कारण दोन काचांमध्ये निर्वात पोकळी असते आणि तिच्यातून उष्णता सहज निसटत नाही.

निफाड, पिंपळगाव बसवंत, दिंडोरी या भागात मात्र हिवाळ्यातली खरी चिंता पाइपांची नसते, द्राक्षांची असते. पारा खाली आला, की पहाटे बागेत शेकोट्या पेटतात आणि मोटारी सुरू होतात. शेकोटीबद्दल बरेच जण सांगतात, की धूर बागेवर पसरला म्हणजे ऊब अडून राहते. धुराचे कण फार बारीक असतात, ते अवरक्त किरणांना फारसे अडवत नाहीत. खरं काम करतो तो विस्तव: तो हवा तापवतो आणि वरची-खालची हवा ढवळतो. धूर मात्र आपल्या छातीत जातो.

मोटार सुरू करण्याची युक्ती याहून सरस. जमिनीत खोलवर तापमान वर्षभर जवळपास सारखंच असतं, त्या गावाच्या वर्षाच्या सरासरीइतकं. नाशिकसाठी ते पंचवीस अंशांच्या आसपास. म्हणून पहाटे बोअरचं पाणी कोमट लागतं आणि त्यावरून वाफ निघताना दिसते. (विनिपेगचे लोक पाइप खोल पुरतात तेही याच भरवशावर.) हे पाणी बागेत सोडलं, की प्रत्येक लीटर पाणी गार होता होता आपली ऊब मातीला आणि हवेला देतं. ओली माती दिवसाची उष्णता कोरड्या मातीपेक्षा जास्त साठवते, तीही रात्री कामाला येते.

थंड देशांत तर शेतकरी याच्याही पुढे जातात. कडक थंडीच्या रात्री सफरचंदाच्या मोहरावर तुषार सिंचनाने सारखं पाणी मारतात आणि मोहर बर्फात गोठवून टाकतात. मोहर वाचवायला! एक लीटर पाणी गोठताना इतकी उष्णता सोडतं, की तेवढ्यात दुसरं एक लीटर पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापेल. जोवर नवं पाणी पडून गोठत राहतं, तोवर आतली कळी शून्याच्या खाली जात नाही. पंप मध्येच बंद पडला तर मात्र संपलं. आपल्याकडची रात्रीची वीज आठवली, की ही पद्धत इथे आणावी असं मला काही वाटत नाही.

थंडीने द्राक्षांचे मणी तडकतात, हे तुम्ही ऐकलं असेल. इथे एक सापळा आहे. वाटेल, की पाइपासारखंच मण्यातलं पाणी गोठलं आणि मणी फुटला. पण गोड मण्यातल्या रसाला गोठायला उणे दोन अंश तरी लागतात, कारण त्यात साखर विरघळलेली असते. (वाटीत साधं पाणी आणि दुसरीत घट्ट साखरपाणी घेऊन दोन्ही फ्रीजरमध्ये ठेवा, कोण आधी हार मानतं ते दिसेल.) तडकण्याचं कारण दुसरंच. गार, दमट रात्री पानांतून पाणी बाहेर पडत नाही, पण ओल्या जमिनीतून मुळं ते वर ढकलत राहतात. मणी आतून तट्ट फुगतो, गारठलेली साल ताणली जात नाही आणि चीर पडते. म्हणजे ऊब द्यायला पाणी सोडायचं, पण फार झालं तर तेच पाणी मणी फोडणार. किती वेळ मोटार चालवायची, हे म्हणूनच बागाईतदाराचं कसब. हिरव्या जातींचे मणी थंडीत गुलाबी होतात, त्याला बागेत ‘पिंक बेरी’ म्हणतात. व्यापारी तो माल परत करतात म्हणून घडांना कागद गुंडाळलेले तुम्हाला दिसतील.

हे सगळं वाचून हात शिवशिवत असतील, तर एखाद्या निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री घरातल्या मोठ्यांना सांगून गच्चीवर प्रयोग मांडा. दोन सारख्या स्टीलच्या ताटल्या घ्या, त्यांत बोटाच्या पेराएवढंसुद्धा नाही इतकं थोडं पाणी घाला. दोन्हींच्या खाली वाळलेला पेंढा किंवा थर्माकोल ठेवा. एक ताटली उघड्या आभाळाखाली, दुसरी पत्र्याच्या शेडखाली. पहाटे सूर्य उगवायच्या आधी दोन्हींत तापमापक बुडवा, तिसरं माप हवेचं घ्या. तिन्ही आकडे वहीत लिहा. मग तोच प्रयोग ढगाळ रात्री करा आणि आकडे शेजारी मांडा. निफाड किंवा दिंडोरीकडच्या मुलांनी जानेवारीतली एखादी रात्र निवडली, तर त्यांना ताटलीच्या कडेला बर्फाचा पापुद्रा मिळण्याचीही शक्यता आहे. त्या दिवशी तो आईला दाखवायला न्या, पण आधी तापमापक वाचून घ्या. पापुद्रा काही तुमची वाट बघत थांबणार नाही.

आणि फ्रीजरमध्ये पाणी फुगवून बघायचं असेल तर प्लॅस्टिकची बाटलीच घ्या. काठोकाठ भरून, झाकण लावून. काचेची अजिबात नको, मेजर विल्यम्सच्या गोळ्याचं काय झालं ते तुम्ही वाचलंच आहे.